असली पेम्बर्टन

फौजदारांनी बॅट टेबलावर ठेवली आणि शेजारचा चहाचा कप, रक्त लागू नये म्हणून, चार बोटं बाजूला सरकवला.

“देख,” ते म्हणाले. “आराम से देख. असली पेम्बर्टन है के डुप्लिकेट, इतना ही बोलने का. पछी तू छूटा.”

धुडकू सुकलाल टेबलापासून तीन हातांवर उभा होता. चपला त्यानं चौकीच्या पायरीवर काढल्या होत्या. तशी काही पद्धत नाही, पण जिथं टेबल, पंखा आणि भिंतीवर गांधीजी असतात तिथं तो चपला काढतच असे. आरामात बघायची त्याला गरज नव्हती. दारातून आत येतानाच त्याला बॅट दिसली होती, आणि ती आपल्या घरातली आहे हेही.

त्यानं तरी ती उचलली. नाही उचलली असती तर संशय आला असता.

सुरत शहरात बॅट हातात घेऊन ती असली की नकली हे छातीठोक सांगणारा एकच माणूस होता, आणि तो सेहेचाळीस वर्षांचा, अमळनेर तालुक्यातला, सहावी नापास आणि जन्मात एकही चेंडू न खेळलेला असा होता. चौकातल्या मगनभाईंच्या दुकानात तो बॅटी ठोकायचा. नवी बॅट विकत घेऊन लगेच खेळता येत नाही, हे पुष्कळ खेळणाऱ्यांनाही माहीत नसतं. तिला आधी जवसाचं तेल पाजावं लागतं, मग लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकून तिचं तोंड घट्ट करावं लागतं. नाहीतर पहिल्याच लेदर बॉलला भेग. थोडक्यात, पुढं बाहेरच्यांचा मार सोसता यावा म्हणून घरच्यांनी आधीच मारून ठेवायचं. आपल्याकडं मुलं वाढवायची रीतही हीच असल्यामुळं धुडकूला हे काम कुणी शिकवावं लागलं नाही.

एका बॅटीला दहा हजार ठोके. तो ते मोजायचा. एकोणीस वर्षांत त्यानं एकदाही नऊ हजार नऊशेवर हात थांबवला नव्हता, आणि थांबवला असता तरी सुरतेत ते कुणाला कळलं नसतं.

त्याआधी तो लिंबायतला लूमवर होता. तिथं उजव्या हाताची तर्जनी अर्धी राहिली आणि अर्धी मशिनीत गेली. त्यामुळं त्याच्या हातात मोगरी किंचित तिरपी बसायची आणि बॅटीच्या कडेला प्रत्येक ठोक्याची खूण नखाच्या कोरीसारखी उठायची. चंद्रकोरच म्हणा. गिऱ्हाइकांना ती दिसत नसे. त्याला दिसे.

दुकान फक्त पेम्बर्टनच्या बॅटी विकायचं. ‘पेम्बर्टन अँड सन्स, जालंधर, १८९८ पासून.’ दुकानात पेम्बर्टनसाहेबांचा कल्लेवाला फोटो होता आणि मगनभाई रोज सकाळी आधी लक्ष्मीला, मग जलारामबापांना आणि उरलेली उदबत्ती साहेबांना ओवाळायचे. कंपनीचा सेल्समन वर्षातून एकदा यायचा आणि साहेबांची गोष्ट सांगायचा: साहेब काश्मिरात फिरत असताना त्यांना नदीकाठी आपल्या गावासारखं एक झाड दिसलं, ते झाडाला मिठी मारून रडले, आणि त्याच झाडाची पहिली बॅट झाली. अठ्ठ्याहत्तर साली सांगितली तेव्हा साहेबांना लढाईत एक पाय गमवावा लागला होता. चौऱ्याऐंशी साली त्यांना दोन्ही पाय होते. ज्या झाडाला मिठी मारून माणूस रडतो तेच तो लगेच कापतो कसा, हे कुणी विचारलं नाही. मगनभाईंच्या मते पेम्बर्टन नावाचा माणूस कधी जन्मलाच नव्हता, जालंधरच्या दोघा भावांनी ते नाव बिस्किटाच्या डब्यावरून घेतलं होतं. पण ते धुडकूला सांगायचे नाहीत. कारागिराला एखादा देव असला की माल चांगला निघतो.

आणि धुडकूचा माल चांगलाच निघत होता. चारपाच वर्षांपासून डुप्लिकेट पेम्बर्टनचा सुळसुळाट झाला, तेव्हा लोक आपापल्या बॅटी घेऊन त्याच्याकडं यायला लागले. तो बॅट कानाशी धरायचा, मधल्या बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि एकच शब्द बोलायचा. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर, मुलाच्या वाढदिवसाला, भेट आलेली बॅट त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, “डुप्लिकेट.” भेट पुढाऱ्याच्या व्याह्यानं दिली होती. धुडकूला एक थप्पड बसली. पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “डुप्लिकेट शे, साहेब.” दुसरी बसली. तिसरीच्या आधी त्याला विचार करायला वेळ दिला गेला, आणि त्यानं विचार करून तेच सांगितलं. कानात तीन महिने शिट्टी वाजत होती, पण ती डाव्या. बॅट तो उजव्या कानाशी धरायचा.

आज मात्र त्याला उजवा कानही नको होता.

आपल्या मुलाला, हेमराजला, ही बॅट त्यानं दहावीला दिली होती. पास झाल्यावर द्यायची असं ठरलं होतं. पोरगा दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा वाट बघण्यात अर्थ उरला नाही. एका क्लबानं बुंध्याला चीर गेली म्हणून परत केलेली, कंपनीनं बाद धरलेली बॅट. धुडकूनं ती चिकटवली, घासली, नवागामच्या खोलीत रोज कामावरून आल्यावर ठोकली. वीस हजार. नवागामची पोरं टेनिस बॉलनं खेळतात, त्याला ठोकायची मुळीच गरज नसते. हे त्याला माहीत होतं.

बॅटीवरचं लेबल खरवडून काढलं होतं. चंद्रकोरी तशाच होत्या. दोनतीन कोरींत रक्त भरून सुकलं होतं, त्यामुळं त्या आज पहिल्यांदाच कुणालाही दिसल्या असत्या.

“कुठं मिळाली साहेब?” त्यानं विचारलं.

“गोडादरा की गटर में से.”

दोन वर्षांपूर्वी सापडली नसती. तेव्हा गोडादऱ्याच्या गटारात बॅट काय, बैल गेला असता तरी वर आला नसता. पण चौऱ्याण्णवला प्लेग आला, निम्मं शहर पळालं, आणि परत आल्यावर महापालिकेला गटारं रोज साफ करायची सवय लागली. सफाईवाल्याला बॅट सोमवारी सकाळी साडेसहाला मिळाली. एखाद्या शहरानं सुधारायचं ठरवलं की कुणाचा तरी घात हा व्हायचाच.

बाकीची हकीगत धुडकूला नवागामात सगळ्यांना होती तेवढीच माहीत होती. रविवारी संध्याकाळी मॅच संपल्यावर लूमच्या शेडमागं विठ्ठल मुकादमाचं कुणीतरी डोकं फोडलं. विठ्ठल बेशुद्ध होता, सिव्हिलमध्ये. तोच मॅचचा अंपायर होता. शेडमध्ये ज्याच्या शिव्या खायच्या त्यालाच मैदानात अंपायर करायचं, ही मालकांची कल्पना होती, म्हणजे कारागिरांना रविवारीही चुकल्यासारखं वाटत नसे. योगेश नावाचा पोरगा तिथून पळताना सापडला, सदऱ्यावर रक्त. टीममधल्या बाकी नऊ जणांना बॅट दाखवली. नऊही जणांनी आयुष्यात प्रथमच बॅट ही वस्तू बघत असल्यासारखं केलं. दहावा, हेमराज, गावाला लग्नाला गेला होता. धुडकूच्या बायकोनं, सरलाबाईनं, त्याला दशम्या बांधून दिल्या होत्या.

“तीन दिन में ये लडका एकच बात बोला है,” फौजदार म्हणाले आणि अंगठ्यानं मागच्या खोलीकडं दाखवलं. “विठ्ठल ने बेट को डुप्लिकेट बोला. बस. अब तू मुझे बता, माँ-बहन का बोला होता तो मैं समझता. बेट को डुप्लिकेट बोला इसमें माथा फोडनेवाला सुरत में कौन नीकला?”

धुडकूनं खाली मान घातली.

त्याला ते आता शेजारी उभं राहून पाहिल्यासारखं दिसत होतं. मॅच हरलेली. विठ्ठल हसत बॅट हातात घेऊन उलटीपालटी करतो. तुझा बाप मोठा बॅटवाला ना रे? पोराला मात्र डुप्लिकेट आणून दिली! आणि हेमराज, जो घरात बापाच्या बॅटीच्या गोष्टी ऐकून जांभया देत असे, साहेबांच्या पायांवरून हसत असे, ज्यानं ‘बापू, मेलेल्या गोऱ्याना फोटोले काय नमस्कार करस?’ असं अनेकदा विचारलं होतं, तो बॅट हिसकावून घेतो. मुलगा आपलं काही ऐकत नाही अशी धुडकूची एकोणीस वर्षांची तक्रार होती. सगळं ऐकत होता.

“बोल.”

धुडकूनं बॅट उजव्या कानाशी धरली. पेरानं टकटक केलं. आवाज असा आला की दुसरा कुठलाही दिवस असता तर त्याला बरं वाटलं असतं.

असली म्हटलं की संपलं. असली पेम्बर्टन सुरतेत मगनभाईंकडूनच येते, मगनभाईंची प्रत्येक बॅट धुडकूच्या हातून जाते. पुढचा प्रश्न कुणालाही सुचला असता. डुप्लिकेट म्हटलं तर बॅट बेवारशी. डुप्लिकेटला आईबाप नसतात.

“डुप्लिकेट,” तो म्हणाला.

एकोणीस वर्षांतलं पहिलं खोटं. त्याला वाटलं होतं, जड जाईल. पण सहज आलं. खोटं बोलून माल विकणारे लोक कधी थकलेले दिसत नाहीत, ते उगाच नसणार.

“पक्का?”

“पक्का साहेब. लाकूडच नई पेम्बर्टनका. आवाज दखा... देखो ना. भद्द.”

फौजदारांनी बॅट घेऊन स्वतःच्या कानाशी धरली, टकटक केलं आणि ज्याला काहीच कळलेलं नाही अशा माणसासारखी मान हलवली. जमादार दुसऱ्या टेबलावर कागद लावत होता. धुडकू चपलांकडं बघायला लागला. पायरीवर त्याच्या चपलांच्या शेजारी उषाबाई बसली होती. योगेशची आई. जालन्याकडची, नवागामात दोन गल्ल्या पलीकडं राहणारी. तीन दिवस ती त्याच पायरीवर होती. आत येताना तिनं त्याला विचारलं होतं, “भाऊ, तुमचं साहेबांशी काम हाय ना? माझ्या लेकराला पाणी देऊ द्या म्हनावं. मी स्वतः नाही जात आत. त्यांनीच द्यावं.” तो हो म्हणाला होता. अजून सांगितलं नव्हतं.

“साहेब, ते पोराला पाणी—”

टेबलावरचा फोन वाजला. फौजदारांनी उचलला, तीनदा ‘हं’ म्हणाले आणि ठेवला.

“गयो,” त्यांनी जमादाराला सांगितलं. “विठ्ठल. हमणां ज, दस ने वीसे.” मग घड्याळ बघितलं. जेवायला अजून वेळ होता. “हवे त्रणसो बे थयुं, मर्डर. काढ एने बहार.”

योगेशला बाहेर काढलं. बाविसाव्या वर्षी माणूस जसा दिसू नये तसा तो दिसत होता. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. हातकडीचा हात त्यानं पोटाशी धरला होता. त्यानं धुडकूला बघितलं, टेबलावरची बॅट बघितली, पुन्हा धुडकूला बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. ओळख दाखवली नाही. नवागामात संस्कार करणाऱ्या संस्था नाहीत, पण असं काहीतरी पोरं कुठूनतरी शिकतात.

दोघा शिपायांनी त्याला बाकड्यावर पालथा घातला, पाय वर बांधले. एक शिपाई पाठीवर बसला. शिपाई वजनदार होता आणि बसताना ‘हाश’ असं म्हणाला.

धुडकू म्हणाला, “मी जाऊ साहेब? काम झालं.”

“ऊभो रे.” फौजदार खुर्चीतून उठले नाहीत. “मगन की दुकान पे बोर्ड है ना? असली पेम्बर्टन, तूटे तो बदली आपीशुं. तो डुप्लिकेट होगी तो तूटेगी. तेरी परीक्षा भी हो जाएगी, इसकी भी.”

आता ही बॅट म्हणजे खुनातला पुरावा, तिनं असं कसं मारतील, असं वाचकांपैकी एखाद्या वकिलाला वाटेल. पण तिचा पंचनामा व्हायचा होता. तोपर्यंत ती पुरावा नव्हती, नुसती बॅट होती.

जमादारानं ती घेतली. तो पोलीस लाइनीच्या टीमचा ओपनर होता. बाकड्यापाशी गेल्यावर त्यानं पाय फाकवले आणि सवयीनं बॅट दोनदा जमिनीवर टेकवली. मग योगेशच्या तळव्यांवर पहिला फटका मारला.

धुडकूनं डोळे मिटले. ती चूक झाली. डोळे मिटल्यावर आवाज जास्त ऐकू येतो.

असली विलो नीट ठोकलेली असली की वाजते ती भरून वाजते. आवाज लाकडाच्या आतून, मधोमधून येतो, आणि मारणाऱ्याच्या मनगटाला काही कळतसुद्धा नाही. जमादार हलक्या हातानं मारत होता आणि फटका दुप्पट लागत होता. चांगल्या बॅटीचं हेच तर वैशिष्ट्य असतं. कंपनीच्या कॅटलॉगात पान तीनवर लिहिलेलं आहे.

“नाम बोल.”

योगेशनं कपाळ फळीवर टेकवलं.

दुसरा. तिसरा. धुडकू मोजायला लागला होता. मोजायचं नव्हतं, पण लाकूड वाजलं की त्याच्या डोक्यात आकडा पडायचाच. चौथ्याला योगेश ओरडला. पाचव्याला बाहेर पायरीवर उषाबाई ओरडली. तिला दिसत काही नव्हतं.

सहावा फटका जमादारानं बॅटीच्या कडेनं मारला आणि धुडकूच्या तोंडून निघून गेलं, “कडेनं नका मारू!”

जमादार थांबला. “केम? तूटी जशे?”

कडेनं मारलं तर बॅट तुटत नाही, हाड तुटतं. पण तो बॅटीबद्दल बोलला होता की हाडाबद्दल, हे त्याचं त्यालाच समजेना.

“चालू,” फौजदार म्हणाले.

सात, आठ, नऊ. बॅट तुटायचं नाव घेत नव्हती. बुंध्याची ती जुनी चीर, जी त्यानं स्वतः सरसानं भरली होती, तिथंसुद्धा काही झालं नाही. तुटली असती तर तो खरा ठरला असता आणि हेमराज सुटला असता. तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बॅट तुटावी म्हणून मनातल्या मनात नवस बोलला. नक्की कुणाला, हे त्याला ठरवता येईना, कारण या विषयातला देव एकच होता आणि तो साहेब तुटू देणाऱ्यांतला नव्हता.

दहा. अकरा. तळवे फुटले. जमादारानं बॅट योगेशच्या पँटला पुसली आणि फौजदारांना दाखवली. “साहेब, कांई नथी थतुं आने. मस्त बेट छे. मारी पासे आवी होत तो...” तो कौतुकानं म्हणाला. कौतुक खरं होतं. एकोणीस वर्षांत धुडकूच्या कामाची इतकी मनापासून तारीफ कुणी केली नव्हती.

योगेशनं बाकड्यावरून मान वळवली. उघड्या डोळ्यानं धुडकूला शोधलं.

“काका,” तो म्हणाला. “तुमी जा घरी. थांबू नका.”

एवढंच. एक नाव सांगितलं असतं तर तो उठून बसला असता. ते नाव ज्याच्या घरातलं होतं तो माणूस चार हातांवर उभा होता. त्याच्याकडं बोट दाखवायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं ‘ह्यांना विचारा’ म्हटलं तरी पुरलं असतं. पोरगा म्हणत होता, घरी जा.

जमादारानं बॅट दोनदा जमिनीवर टेकवली.

“असली शे,” धुडकू म्हणाला.

“शुं?”

“असली आहे साहेब. पेम्बर्टन. ओरिजिनल. मारू नका. बाराशे बारा वेळा मारलं तरी तुटणार नाही ती. मी ठोकलीय.”

त्यानं हे योगेशसाठी म्हटलं की पेम्बर्टनसाठी, ते त्याला नंतरही नक्की सांगता आलं नाही. नंतर कुणी विचारलंही नाही.

फौजदार खुर्चीतून पहिल्यांदाच उठले. “किस को बेची?”

“बेची नही.” धुडकूनं पुढं जाऊन जमादाराच्या हातातून बॅट घेतली. जमादारानं दिली, का दिली हे त्यालाही कळलं नाही. धुडकूनं अर्ध्या तर्जनीनं कडेच्या कोरी दाखवल्या. “ये देखो. ये मेरा हात. पूरे गाव में ऐसा मार किसका नही. ये मेरे घर की है.”

“घर में खेलता कौन है?”

धुडकूनं बॅट टेबलावर ठेवली. कपापासून दूर.

“हेमराज,” तो म्हणाला. “मन्हा पोऱ्या.”

मग पाठीवरचा शिपाई उठला, पुन्हा ‘हाश’ म्हणाला आणि पाय सोडायला लागला. योगेश रडायला लागला. अकरा फटक्यांपर्यंत तो नुसता ओरडत होता, रडला आत्ता. “काका, काय केलं हे,” असं तो म्हणत होता, आणि ते ऐकून फौजदारांनी जमादाराला डोळा मारला, कारण साक्षीदार आपोआप तयार होत होता.

पंचनामा झाला. जमादार गुजरातीत लिहीत होता आणि मोठ्यानं वाचत होता: लाकडाची वापरलेली बॅट, नग एक, रक्ताचे डाग, लेबल नाही.

“कंपनी, साहेब?”

“लेबल नथी तो कंपनी क्यांथी? कंपनी विनानी लख.”

धुडकू म्हणाला, “साहेब, पेम्बर्टन लिखो.”

“कोर्ट को लेबल चाहिये, तेरा कान नही चाहिये. सही कर.”

त्यानं सही केली. हेमराज कुठं आहे हे विचारलं, त्यानं भावाच्या गावाचं नाव सांगितलं. अमळनेरला फोन लागला. इकडूनही जीप निघणार होती, घर दाखवायला धुडकूला नवागामातून बरोबर घेणार होती; आत्ता ती डिझेल भरायला गेली होती. योगेशचा जबाब घेतला, अंगठा घेतला, आणि त्याला बोलावलं की हजर व्हायचं असं सांगून सोडला. हजर व्हायला चालता यावं लागतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

धुडकू त्याच्यापुढं पाठ करून खाली बसला. “चढ,” म्हणाला.

“काका, नको.”

“चढ रे.”

चौकी ते नवागाम पाऊण कोस. भर दुपारी धुडकू त्याला पाठीवर घेऊन चालला. योगेशचे पाय दोन्ही बाजूंनी लोंबत होते आणि रस्त्यावर थेंब पडत होते. मागं उषाबाई, एका हातात लेकाच्या चपला, दुसऱ्या हातात धुडकूच्या, कारण तो पायरीवरून तशाच विसरून निघाला होता. तिनं आत काय झालं ते ऐकलं होतं. अर्ध्या वाटेवर ती एकदाच बोलली.

“भाऊ, चपला घाला. पाय भाजत्याल.”

“राहू द्या,” तो म्हणाला.

उषाबाईच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली कुठं पडली ते तिला आठवेना. म्हणून धुडकू त्याला आपल्याच खोलीत घेऊन गेला. सरलाबाई दारात बसून साडीवर टिकल्या चिकटवत होती. तिनं वर बघितलं आणि साडी फेकून उठली.

“माय वं! काय हाल कया पोऱ्याना!” तिनं खाट ओढली, योगेशला बसवलं, उषाबाईला आत घेतलं. “तुम्ही बठा बहिन. मी शे ना.” मग नवऱ्याकडं वळली, आणि लग्नाच्या पंचवीस वर्षांत फार वेळा न दिसलेलं काहीतरी तिच्या तोंडावर आलं. “तू सोडाई लयना? साहेबना समोर बोलना तू? बरं कयं. लोकास्नं लेकरू सोडावाले छाती लागस.”

धुडकू मोरीच्या उंबऱ्यावर टेकला.

तिनं स्टोव्हवर पाणी तापवलं, हळद टाकली, परात आणली. योगेशचा उजवा पाय मांडीवर घेऊन ती हळूहळू धुवायला लागली. तो दात खाऊन बसला होता, उषाबाई त्याचं डोकं धरून. सरलाबाई मारणाऱ्याला शिव्या देत होती, त्याच्या हातांना, त्या हातांतल्या लाकडाला, ज्यानं ते लाकूड घडवलं त्याच्या सात पिढ्यांना.

“हेमराज राहता तर यानाजवळ बठता,” ती म्हणाली. “दोस्त शे. लगीनमा नाचत हुई तो तठे. परवा येवानं म्हने.” परातीतलं पाणी लाल झालं तसं तिनं ते मोरीत ओतलं, नवरा उंबऱ्यावरून सरकला नाही म्हणून त्याच्या पायांवरूनच ओतलं, आणि मग तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडं गेलं.

“सरला,” तो म्हणाला.

“काय?”

गल्लीच्या तोंडाशी जीप थांबल्याचा आवाज आला. पोरं ओरडत त्या बाजूला पळाली. उषाबाईनं लेकाचं डोकं आणखी घट्ट धरलं.

“काय सांगानं शे तुले?” सरलाबाईनं विचारलं.

धुडकूनं उठून तापलेल्या पाण्याचं पातेलं उचललं, परातीत ओतलं, कोपर बुडवून बघितलं. पाणी जरा जास्त कढत होतं. त्यानं माठातला एक तांब्या त्यात घातला.

“पहिले दुसरा पाय धुई ले,” तो म्हणाला.